दख्खनची हवा, विलायतेची पुस्तके

शाळेच्या भूगोलात वातावरणाचा धडा आला की सर्वांत खालच्या थराबद्दल दोन गोष्टी हमखास वाचायला मिळतात. एक म्हणजे, जसजसे वर जावे तसतशी हवा थंड होत जाते, दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी. दुसरी अशी की हा थर, ज्याला आपण तपांबर म्हणतो, विषुववृत्तावर सोळा-सतरा किलोमीटर जाड असतो आणि ध्रुवांकडे आठ-नऊच. ढग, पाऊस, वारा, धुके, वादळ असे जे काही हवामान आपल्या वाट्याला येते ते जवळजवळ सगळे याच थरात घडते. मुले आकडे पाठ करतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. यांतली दुसरी गोष्ट साऱ्या पृथ्वीचे एकच चित्र म्हणून स्पष्टपणे मांडली गेली ती १९२९ साली, आणि ती मांडणारा शास्त्रज्ञ हिंदुस्थानच्या हवामान खात्यात काम करत होता, हे मात्र धड्यात नसते. ते असायला हवे. त्यात अभिमानाचा भाग आहे, पण तो दुय्यम. त्याहून महत्त्वाचे हे की हवेचे ज्ञान कसे मिळते याचा एक उत्तम दाखला त्या गोष्टीत आहे.

हवामानशास्त्र युरोपात तयार झाले, बोटीत बसून इथे आले आणि आपण ते शिकलो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. उपकरणे आली, नोंदी ठेवण्याची शिस्त आली, हे कबूलच. परंतु तिकडचे नियम समशीतोष्ण पट्ट्यातल्या हवेवरून बांधलेले होते. ते दख्खनच्या पठारावरच्या हवेला लावायला गेले की जागोजागी तुटत. अशा वेळी निरीक्षकापुढे दोनच वाटा असत: पुस्तक खरे मानून आपला आकडा चुकला म्हणायचे, किंवा आकडा पुन्हा पुन्हा तपासून तो खरा ठरला तर पुस्तक दुरुस्त करायचे. माझा दावा असा की गेल्या दोनशे वर्षांत हवेच्या खालच्या थराबद्दल आपल्याकडून जगाला जे मोलाचे मिळाले ते बहुतेक दुसऱ्या वाटेने मिळाले.

यावर पहिला आक्षेप घरातूनच येईल. पाऊस मोजायला आपल्याला कोणी परक्याने शिकवायला हवे होते काय? नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराजवळ एक अरत्नी, म्हणजे सुमारे हातभर, तोंडाचे भांडे ठेवून पाऊस मोजायला सांगितले आहे आणि प्रदेशवार आकडेही दिले आहेत. अश्मक, म्हणजे गोदावरीकाठचा आपला मुलूख, त्याला साडेतेरा द्रोण; अवंतीला तेवीस; आणि अपरान्ताला, म्हणजे कोकणाला, अमित. सह्याद्रीच्या अलीकडचा आणि पलीकडचा पाऊस यांतली तफावत इतक्या थोडक्यात सांगणारे दुसरे जुने वाक्य सापडणे कठीण. सहाव्या शतकात वराहमिहिराने हातभर रुंद भांड्याने पाऊस मोजण्याची रीत दिली आणि मेघगर्भ धरल्यापासून १९५ दिवसांनी पाऊस पडतो असा आडाखाही मांडला. पुढे सहदेव-भाडळीच्या नावाने फिरणारी वचने आणि पंचांगातली पावसाची नक्षत्रे यांवर कित्येक पिढ्यांनी पेरण्या केल्या. हे ज्ञान टाकाऊ म्हणणारा माणूस शेतीबद्दल फारसे जाणत नाही.

तरीही त्यात एक उणीव होती आणि ती मापाची नव्हती, वहीची होती. मोजलेला पाऊस कोठाराच्या कामापुरता वापरला गेला. वर्षामागून वर्ष, एकाच जागी, एकाच रीतीने लिहून ठेवलेली आणि पुढच्या माणसाला तपासता येईल अशी यादी आपल्या हाती आली नाही. यादी नसली की आडाखा चुकतो आहे हे कळायचाच मार्ग उरत नाही. नक्षत्रांचेच पाहा. सूर्याचा नक्षत्रप्रवेश ताऱ्यांच्या चौकटीत मोजला जातो आणि ऋतू सूर्याच्या उत्तर-दक्षिण सरकण्याने ठरतात. अयनचलनामुळे या दोहोंत सुमारे सत्तर वर्षांना एक दिवस अंतर पडते. वराहमिहिराच्या काळी सूर्य मृगात शिरे तेव्हा वर्षातला सर्वांत मोठा दिवस साधारण सदतीस दिवस पुढे असे. आज तो चौदा दिवसांवर आला आहे. म्हणजे मृगाचा पाऊस म्हणताना आपण जे ऋतुमान मनात धरतो ते त्या काळच्या मृगाच्या ऋतुमानापासून तीन आठवड्यांहून अधिक दूर आहे. परंपरेने नक्षत्राचे नाव जपले आणि त्याचा अर्थ नकळत सरकू दिला. सलग वही असती तर हे सरकणे कोणाच्या तरी ध्यानात आले असते.

दख्खनमध्ये अशी सलग वही पहिल्यांदा ज्यांनी नेटाने लिहिली त्यांत कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचे नाव अग्रभागी आहे. पेशवाई बुडून फार वर्षे झाली नव्हती. मुंबई सरकारने नव्याने हाती आलेल्या मुलखाची पाहणी करण्यासाठी त्यांना नेमले. पिके, माणसे, पक्षी, मासे यांच्याबरोबर ते हवेच्याही नोंदी करत, आणि पाऱ्याचा नाजूक वायुभारमापक घेऊन पठारावर आणि घाटमाथ्यावर हिंडत. १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा दख्खनच्या हवेवरचा प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. इंग्लंडात वायुभारमापक हे हवा बदलण्याची चाहूल देणारे यंत्र होते: पारा उतरला की पाऊस-वादळ, चढला की उघाड. साइक्स यांना पठारावर भलतेच दिसले. इथे पारा रोज ठरल्या वेळी चढतो आणि ठरल्या वेळी उतरतो. सकाळी नऊ-दहाला तो सर्वांत वर असतो, दुपारी चार-पाचला सर्वांत खाली. रात्री पुन्हा एकदा तेच. समुद्राला भरती-ओहोटी यावी तशी ही हवेची भरती-ओहोटी. त्यांनी स्वतः घेतलेल्या हजारो नोंदींत सकाळी नऊ-दहाचा पारा सूर्योदयाच्या पाऱ्यापेक्षा वर नाही, किंवा दुपारचा नऊ-दहाच्या पाऱ्यापेक्षा खाली नाही, असा एकही दिवस आढळला नाही, असे त्यांनी निःसंदिग्धपणे नमूद केले.

एक दशांश इंचाच्या आसपासची ही रोजची हालचाल उष्ण कटिबंधात इतरांनाही दिसली होती; हुम्बोल्टने दक्षिण अमेरिकेत ती नोंदली होती. युरोपात ती क्षीण असते आणि तिथल्या वादळांच्या मोठ्या चढउतारांत बुडून जाते, म्हणून तिकडच्या अभ्यासकाला ती एक किरकोळ चमत्कारिक गोष्ट वाटे. दख्खनमध्ये तोच मुख्य नियम आहे आणि हवामानाचे चढउतार हा त्यावरचा बारीक थर. हा उलटा क्रम मान्य केल्याशिवाय इथे वायुभारमापक वाचताच येत नाही. बंगालच्या उपसागरातली किंवा अरबी समुद्रातली चक्रीवादळे ओळखण्याची खूणही त्यातूनच मिळते: रोजची भरती-ओहोटी मोडली, सकाळी दहाला चढायचा पारा चढलाच नाही, की खलाशाने सावध व्हावे. या लयीचे कारण कळायला मात्र फार काळ गेला. उन्हाचा काही भाग जमिनीपर्यंत न येता वरच्या हवेतला ओझोन आणि खालच्या हवेतले बाष्प शोषून घेतात, त्या तापण्याने साऱ्या वातावरणात लाट उठते आणि तिचा ठोका जमिनीवरच्या पाऱ्यात उमटतो, हे विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात पटण्याजोगे मांडले गेले. साइक्स यांना कारण ठाऊक नव्हते. तरीही त्यांनी लय लिहून ठेवली, कारण नसल्यामुळे ती खोटी ठरवली नाही. याला मी शास्त्रातले धैर्य म्हणतो.

साइक्स इंग्रज होते, कंपनीचे नोकर होते, पुढे कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्षही झाले. मग हे आपले योगदान कसे, असे कोणी विचारील. माझा दावा माणसाच्या वंशाबद्दल नाही, जागेबद्दल आहे. पुस्तकाची दुरुस्ती करणारी गोष्ट दख्खनच्या हवेने दाखवली. ती पाहणारा कोण हा पुढचा प्रश्न. शिवाय लवकरच पाहणारेही इथले झाले. मुंबईला कुलाब्याची वेधशाळा कंपनीने १८२६ साली स्थापली आणि १८४१ पासून तिथे हवेच्या आणि चुंबकत्वाच्या नोंदी नियमाने होऊ लागल्या. एल्फिन्स्टन संस्थेतले प्राध्यापक ऑर्लेबार यांच्याकडे ते काम होते. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ त्या वेधशाळेची धुरा वाहिली, आणि पुढे गणितज्ञ म्हणून नावाजलेले, टिळकांचे गुरू केरो लक्ष्मण छत्रे तरुण वयात तिथे नोंदी घेण्याच्या कामावर होते. मराठी शास्त्रलेखनाच्या इतिहासात जांभेकर-छत्र्यांच्या ग्रंथांची चर्चा होते, त्यांच्या वेधशाळेतल्या कामाची फारशी होत नाही. आकडा आपल्या मताप्रमाणे नसला तरी जसाच्या तसा लिहायचा ही सवय त्या पिढीला जिथे लागली असेल त्या जागांत मी कुलाबा फार वर धरतो. १८९६ साली नानाभाई अर्देशीर मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि चुंबकीय नोंदी बिघडणार हे ओळखून १९०४ साली ते काम अलिबागला हलवले गेले. नोंदीची साखळी तुटू नये म्हणून जुन्या-नव्या जागांची तुलनाही करून ठेवली होती.

देशभराचे हवामान खाते निघाले ते ज्ञानाच्या ओढीने नाही, आपत्तींच्या धाकाने. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर चक्रीवादळ आले आणि हजारो माणसे मेली. १८६६ साली ओरिसात दुष्काळाने त्याहून कितीतरी अधिक माणसे नेली. १८७५ साली हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या हाती खाते सोपवले गेले आणि लगेचच १८७६ ते ७८ चा महादुष्काळ दख्खनवर कोसळला. सरकारला जहाजे वाचवायची होती आणि शेतसाऱ्याचा अंदाज हवा होता, हा आरोप खरा आहे आणि तो सौम्य करण्याचे कारण नाही. दुष्काळात धान्य बाहेर जात राहिले, त्या वेळी पर्जन्यमापकाच्या नोंदी कोणाचा जीव वाचवायला पुरल्या नाहीत. मात्र एक गोष्ट विसरू नये. तालुक्याच्या मामलेदार कचेरीत रोज सकाळी पर्जन्यमापक बघून इंच आणि सेंटात पाऊस लिहिणारा कारकून साम्राज्याचे हित डोळ्यांपुढे ठेवून लिहीत नव्हता. तो आकडा लिहीत होता, आणि पाऊस किती पडला हे साम्राज्य गेल्यावरही तितकेच खरे राहिले. आज कोणत्याही जिल्ह्याच्या सरासरी पावसाबद्दल आपण बोलतो तेव्हा त्या अनाम कारकुनांच्या ओळींवर उभे राहून बोलतो.

ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातला बर्फ आणि मैदानातले अवर्षण यांचा संबंध १८८४ साली मांडला, आणि १८८६ पासून मोसमी पावसाचे अंदाज रीतसर निघू लागले. त्यांच्यानंतरचे जॉन इलियट यांनी त्यात आणखी कारणे गुंफली, भाकिते लांबलचक केली, आणि १८९९ च्या भीषण अवर्षणाची चाहूल त्यांना लागली नाही. लोक ज्याला छप्पन्याचा दुष्काळ म्हणतात तो हाच. १९०४ साली खात्याची सूत्रे गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे आली. ते केंब्रिजचे गणिती. हवामानाचे पूर्वशिक्षण नाही. मला वाटते, तेच त्यांच्या पथ्यावर पडले. कोणतेही लाडके कारण मनाशी न धरता त्यांनी जगभरच्या ठाण्यांचे दाब, तापमान आणि पाऊस यांचे आकडे हिंदी कारकुनांकडून एकमेकांशी ताडून घेतले. जंगले तुटल्यामुळे हिंदुस्थानचा पाऊस कायमचा आटला, ही तेव्हा सर्वतोमुखी असलेली समजूत त्यांनी वह्यांवर तपासली आणि तिला आधार नाही असे दाखवले. वीस वर्षांच्या या खटाटोपातून पॅसिफिकमधला दाब वाढला की हिंदी महासागरात तो घटतो, आणि उलट, हे आंदोलन त्यांना सापडले. १९२४ साली त्यांनी त्याला नाव दिले. त्याचा एल निनोशी असलेला धागा १९६९ साली ब्यर्कनेस यांनी उलगडला. मोसमी पावसाचा अंदाज मात्र वॉकर यांच्या हाती पुरता आला नाही. त्यांचे सगळे आकडे जमिनीवरचे होते, आणि ज्याला आपण पाऊस म्हणतो त्याची घडण डोक्यावरच्या पंधरा किलोमीटरांत चाललेली होती.

वरच्या हवेची पहिली मोठी बातमी फ्रान्समधून आली होती. लिओं तेस्रां द बोर यांनी पॅरिसजवळच्या त्राप गावातून शेकडो फुगे सोडले आणि सुमारे अकरा किलोमीटरांवर हवा थंड होणे थांबते असे १९०२ साली जाहीर केले. तपांबर आणि स्थितांबर ही वाटणी त्यांचीच. जमिनीच्या उष्णतेपासून जितके दूर जावे तितकी हवा थंड होते, आणि विषुववृत्तावर जमीन अधिक तापते. मग तिथली वरची हवाही युरोपवरच्या हवेपेक्षा उबदार असणार, असे कोणालाही सहज वाटेल. ते खरे की खोटे हे इथली वरची हवा मोजूनच कळणार होते. इथे १९०५ नंतर जे. एच. फील्ड यांनी नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत जमिनीवरून आणि समुद्रावरून पतंग चढवून मोजमापे घेतली. नंतर आग्र्याला वरच्या हवेची वेधशाळा उभी राहिली. १९२८ साली खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरातल्या त्या मनोऱ्याच्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, आणि तिथल्या चौकालाही तेच नाव आहे.

पुण्याहून आणि हैदराबादेहून जे फुगे सोडले जात त्यांना एक इवलेसे यंत्र टांगलेले असे. वर जाताना ते तापमान आणि दाब धातूच्या पत्र्यावर ओरखड्याने लिहून ठेवी. फुगा उंचावर फुटला की यंत्र कुठे तरी शेतात, माळावर, झाडीत पडे. त्या काळी वरून रेडिओने आकडे पाठवण्याची सोय नव्हती, म्हणून यंत्र ज्याला सापडे त्याने ते परत दिले तरच निरीक्षण पूर्ण होई. त्यासाठी बक्षिसाची चिठ्ठी सोबत असे. तपांबराच्या माथ्याचे ज्ञान अशा रीतीने कोणा गुराख्याच्या किंवा शेतकऱ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून होते. याच मोजमापांचे काम हाती असलेले के. आर. रामनाथन यांनी १९२९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात पृथ्वीच्या वरच्या हवेतल्या तापमानाचे चित्र मांडले. विषुववृत्तीय पट्ट्यावर तपांबराचा माथा सोळा-सतरा किलोमीटरांवर आहे आणि तिथली हवा उणे ऐंशी अंशांच्याही खाली जाते. ध्रुवांकडे माथा खाली उतरतो आणि तिथली हवा त्या मानाने उबदार असते. सर्वांत तापलेल्या जमिनीच्या वर खालच्या वातावरणातली सर्वांत थंड हवा! कारण एकदा कळले की नवल ओसरते. उष्ण कटिबंधातले गर्जणारे ढग बाष्प आणि उष्णता फार उंच नेतात. वर जाणारी हवा फुगते आणि फुगताना थंड होते. ती जितकी उंच चढेल तितकी थंड होते. युरोपावर हा प्रवास अकरा किलोमीटरांवर संपतो, इथे तो त्यापुढे पाच-सहा किलोमीटर चालू राहतो.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घ्यायला हवा. उष्ण कटिबंधावरची ही थंडी पुण्याआधी दोन ठिकाणी मोजली गेली होती: १९०८ साली व्हिक्टोरिया सरोवरावर जर्मन शास्त्रज्ञांनी आणि त्यानंतर जावातल्या बटाव्हियाला डचांनी. मग रामनाथन यांचे श्रेय कशाचे? दोन दूरच्या ठिकाणांवरचे विचित्र आकडे हे अपवाद म्हणून बाजूला ठेवता येतात, आणि तसे ते ठेवले जाऊ शकत होते. हिंदुस्थानातल्या मोजमापांनी त्यांना आधार दिला, आणि रामनाथन यांनी त्या सर्वांना युरोपातल्या मोजमापांशी जोडून एकच नकाशा केला. त्या नकाशात युरोपवरची हवा हा नियम उरला नाही. ती मोठ्या चित्राचा उत्तरेकडचा एक भाग झाली. तेव्हापासून तपांबराचे चित्र असेच काढले जाते. पुढेही हेच घडले. पश्चिमेकडून पूर्वेला धावणारे उंचावरचे झोतवारे दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांमुळे सर्वांना माहीत झाले; पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली दाखवले की मोसमात दक्षिण आशियावर चौदा-पंधरा किलोमीटरांवर उलट दिशेचा, पूर्वेकडून येणारा झोत वाहतो. १९६६ साली पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी जुलैत द्वीपकल्पावरून अवघ्या दीड किलोमीटर उंचीवर धावणारा पश्चिमी झोत नोंदला. कळसूबाईचा माथा १६४६ मीटर. म्हणजे मोसमी पावसाचे पाणी वाहून आणणारा मुख्य प्रवाह जवळपास सह्याद्रीच्या सर्वोच्च शिखराच्या पातळीवरून जातो. आणि उपकरणे परकी होती हा मुद्दाही स्वातंत्र्यानंतर उरला नाही. १९४८ साली पुण्याच्या उपकरण विभागात रुजू झालेल्या अण्णा मणी यांनी हवामानाची सुमारे शंभर उपकरणे देशात बनावीत म्हणून त्यांचे आराखडे प्रमाणित केले. मोजमाप चुकीचे असण्यापेक्षा नसलेले बरे, असा त्यांचा आग्रह असे.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत बळकट पुरावा मात्र उंचावरचा नाही, गुडघ्याखालचा आहे. १९३२ साली पुण्यात शेतीच्या हवामानाचा वेगळा विभाग सुरू झाला आणि एल. ए. रामदास यांच्याकडे आला. पीक ज्या हवेत वाढते ती हवा वेधशाळेच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर, मोजली जात नाही. ती जमिनीलगत असते. म्हणून रामदास आणि त्यांचे सहकारी जमिनीपासून बोटाबोटाच्या अंतरावर आणि उभ्या पिकांमध्ये तापमान मोजू लागले. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते आणि सर्वांत थंड होते, तिच्यालगतची हवा तिच्याकडून गारवा घेते, असे सगळी पुस्तके सांगत. त्या हिशेबाने पहाटे सर्वांत थंड जागा जमिनीचा पृष्ठभाग असायला हवी. रामदास आणि आत्मनाथन यांना १९३२ साली दिसले की उघड्या जमिनीवर सर्वांत कमी तापमान वीतभर ते हातभर वर असते आणि जमीन त्या हवेपेक्षा अंश-दोन अंशांनी, कधी त्याहूनही अधिक, उबदार असते.

हे मान्य होणे शक्यच नव्हते. थंड हवा जड, उबदार हवा हलकी. जड हवा हलक्या हवेवर रात्रभर कशी बसून राहील? ती खाली कोसळायला हवी. तापमापक चुकला असेल, बाजूच्या थंड जमिनीवरून हवा वाहत आली असेल, उपकरणच उष्णता टाकत असेल, अशी स्पष्टीकरणे परदेशी तज्ज्ञांनी दिली आणि बरीच वर्षे हा शोध एक दुरुस्त न झालेली चूक म्हणून पडून राहिला. आक्षेप घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी विचारलेले प्रश्न रास्त होते आणि तसे प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण उत्तर देण्याची जागा जमीनच होती. १९५६ साली इंग्लंडात लेक यांना तसेच दिसले. १९५७ साली राश्के या जर्मन शास्त्रज्ञाने पुण्यातच अतिशय काळजीपूर्वक मोजमापे घेऊन रामदास यांची नोंद बरोबर असल्याचे दाखवले. चुकीच्या संशयाखाली पंचवीस वर्षे राहिलेला आकडा खरा ठरला.

का, हा प्रश्न तरीही राहिला. रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या बंगळूरच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली त्याला गणिती रूप दिले: हवेचा तो थर स्वतःच आकाशाकडे प्रारणाने उष्णता टाकतो, आणि काही परिस्थितींत जमिनीपेक्षा अधिक वेगाने; चिकटपणा आणि उष्णतेचे वहन त्याला कोसळू न देण्यास पुरे पडतात. पुढे २०१० नंतर बंगळूरहूनच झालेल्या प्रयोगांनी त्या गणितातला महत्त्वाचा भाग बदलायला लावला. जमिनीलगतच्या हवेत तरंगणारे धूळ-धुराचे सूक्ष्म कण त्या थराला थंड करण्यात मुख्य वाटा उचलतात असे त्यांत दिसून आले. म्हणजे रामदास यांच्या नोंदीला आता तिसऱ्या पिढीचे स्पष्टीकरण मिळाले आहे, आणि तेही पूर्ण झालेले नाही. धुके नेमके किती उंचीवर आधी धरते आणि रात्रीच्या गारठ्यात जमिनीलगतच्या कोवळ्या रोपाला किती थंडी सोसावी लागते, या प्रश्नांची उत्तरे पहिल्या हातभर हवेतल्या या हिशेबाशी बांधलेली आहेत, आणि त्या हवेतले कण गाव, शहर, साखर कारखान्याचा परिसर आणि पाचट जाळलेले रान यांप्रमाणे बदलतात. १९३२ सालच्या पुण्याच्या रात्री आणि आजच्या पुण्याच्या रात्री यांत तो थर किती बदलला, हे उघड्या जमिनीवर बोटाबोटाच्या अंतराने तापमापक लावूनच सांगता येईल.